आधी तिचं रक्त

अकरावीच्या पोरांना वाटाण्याचा धडा मी फार रंगवून शिकवायचो. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, दोघांचा संकर केला की पहिली पिढी सगळी उंच. बुटकेपणा गेला म्हणून आपण निर्धास्त व्हावं, तर पुढच्या पिढीत चारात एक बुटका पुन्हा डोकं वर काढतो. फळ्यावर चार खणांची चौकट आखायची, तिच्यात अक्षरं भरायची आणि मग आवाज खाली आणून म्हणायचं, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं बाळांनो. लपून बसलेलं असतं." या वाक्याला मागच्या बाकावरचेसुद्धा माना वर करत. वाक्य माझं मलाच इतकं आवडायचं की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी ते दोनदा म्हटलं.

शाळा सुटली की सायकल मारत वस्तीवर यायचो. तिथं माझी मामेबहीण माझी बायको होऊन चहा टाकत असायची आणि तिची सख्खी थोरली बहीण माझी वहिनी होऊन भाकरी थापत असायची. फळ्यावरच्या चौकटीचा आणि या चुलीचा काही संबंध असेल, हे इतक्या दिवसांत मला एकदाही सुचलं नाही.

आमची वस्ती कोल्हारपासून दोन मैलांवर, पाटाच्या कडेला. दादा शेती बघायचा, मी हायस्कुलात मास्तर. वडील मी लहान असतानाच गेले होते. मामा भिंगारला लष्कराच्या डेपोत नोकरीला. मामांना दोन मुली, आईला दोन मुलगे. आईच्या मते देवानं जोड्या लावूनच पाठवलं होतं. थोरल्याला थोरली केली, तीन वर्षांनी धाकट्याला धाकटी. पत्रिका बघायचा विषय मी एकदा काढला होता, तोही आपण कसे चौकस आहोत हे दाखवायला. आई म्हणाली, "मामाच्या पोरीची कसली पत्रिका बघतूस? ती आपलीच हाय." सुना तिला सासूबाई म्हणत नसत, आत्याच म्हणत. घरात परकं असं कोणी नव्हतंच. सगळा घोटाळा तिथंच होता, पण तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

दादाला मुलगा झाला. सहा-सात महिने चांगला खेळला आणि मग पांढरा पडत गेला. पांढरा म्हणजे गोरा नव्हे, भिंतीला चुना लावतात तसा. हातपाय काटक्या, पोट फुगलेलं. आधी दृष्ट काढली, मग जंताचं औषध झालं, मग कोणी म्हणालं वहिनीनं गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, मग कोणी म्हणालं पाळलं पण नीट पाळलं नाही. शेवटी नगरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं त्याला रक्त चढवलं की दीड-दोन महिने तो तरतरीत व्हायचा, कोंबड्यांमागे धावायचा, आणि पुन्हा विझत जायचा. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत गेला.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडून मला बोलावलं. घरात शिकलेला मी, म्हणून मला. त्यांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, थॅलसेमिया, आणि एका चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं चार खणांची चौकट काढली. माझीच चौकट. आई-बाप दोघंही धडधाकट, पण दोघांच्याही रक्तात दोषाचा अंश लपलेला. दोघांकडून तो एकाच पोरात उतरला तर पोर असं होतं. चारात एक.

आता इथं कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "म्हणजे बाई, चारातला एक गेला. आता दादाचे पुढचे तीन चांगले."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "काय शिकवता तुम्ही शाळेत?"

"विज्ञान."

 मग त्या पोराला समजवावं तसं म्हणाल्या, "दर खेपेला नवा डाव, मास्तर. मागच्या डावात काय झालं ते पत्त्यांना ठाऊक नसतं. दुसऱ्या वेळी पुन्हा चारात एक, तिसऱ्या वेळी पुन्हा चारात एक. तुमचं लग्न झालंय?"

"झालंय."

"कोणाशी?"

मी सांगितलं. वहिनीची सख्खी बहीण म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मूल?"

"अजून नाही."

"मग आधी रक्त तपासून घ्या. इथं होत नाही, पुण्याला होतं, तिथली चिठ्ठी देते. दोघांतही अंश निघाला तर तुमच्या घरात हेच पुन्हा होऊ शकतं. आणि एकाचंही रक्त स्वच्छ असेल तर पोराला तो आजार व्हायचा नाही."

परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसलो होतो आणि त्यांचं शेवटचं वाक्य मनात घोळवत होतो. भीती होतीच. पण भीतीच्या खाली माझं विज्ञानही चालू झालं होतं. एकाचंही स्वच्छ असेल तर चालतं. म्हणजे दोघांनी सुई टोचून घ्यायचं कारणच काय? एकाचं तपासावं. ते स्वच्छ निघालं की विषय संपला. राहुरी येईपर्यंत एकाचं तपासायचं हे ठरलं होतं आणि वांबोरी फाट्याच्या आधीच ते कोणाचं हेही ठरलं होतं. राहुरीच्या आधी वांबोरी फाटा लागतो. यावरून कुठलं आधी ठरलं ते वाचकांनी ओळखावं. सुई म्हटली की मी पळ काढतो. देवीची लस टोचायला माणूस शाळेत यायचा तेव्हा मी पोरांना धीर द्यायच्या निमित्तानं वर्गाबाहेरच असायचो.

बायकोला मी खरं सांगितलं नाही. तू अलीकडे फिकी दिसतेस, अंगात लोह कमी असेल, पुण्याला चांगली तपासणी होते, असं सांगितलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पाळणा कधी हलणार म्हणून आई रोज काहीतरी बोलायची, आणि मी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाकडे बोट दाखवून सरकारचं ऐकतोय म्हणायचो. घरात आईला एक सांगितलं, बायकोला दुसरं. पुण्याच्या एसटीत केडगाव मागे पडलं तरी बायको खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिला पुण्यात काय काय दाखवीन ते सांगत होतो.

दवाखान्यात रक्त घेणारे गृहस्थ म्हातारे, अंगात पांढरा डगला, हात हलका. तिनं डोळे न मिटता हात पुढे केला. ते काम झाल्यावर त्यांनी दुसरी सुई उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "या."

"मी फक्त सोबत आलोय," मी म्हणालो.

"आजाराच्या तपासणीला नवरा फक्त सोबत?" ते म्हणाले. "थोरल्या भावाचं मूल याच आजारानं गेलं, असं चिठ्ठीत लिहिलंय तुमच्या डॉक्टरांनी. आणि तुमचं नाही बघायचं?"

बायकोनं बाही खाली केली. माझ्याकडे बघितलं.  त्या गृहस्थांनी निकालासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट मागितलं. पाकीट माझ्याकडे नव्हतं. पालकांना पोरांची प्रगती कळवायला माझ्या खिशात कोरी पोस्टकार्डं असत, त्यातल्या एकावर मी घाईघाईनं आपला पत्ता लिहून दिला आणि बाहेर पडलो. शाळेचा द्यावा असं ठरवून आलो होतो. हाताच्या सवयीनं वस्तीचा लिहिला, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

परत येताना शिरूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"लोह कमी आहे ना माझ्यात?"

मी सगळं सांगितलं. चौकट, चारात एक, एकाचं स्वच्छ असलं तरी चालतं ते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यात काही निघालं तरच तुमचं बघायचं."

"हो. शास्त्रच तसं आहे."

"आणि माझ्यात नाही निघालं तर तुमचं कधी बघायचंच नाही. तुम्ही आपले स्वच्छच."

"तसं नाही गं."

"शास्त्रात असंही असेल ना, की आधी तुमचं बघायचं?"

शास्त्रात तसं होतंच. मी तिला ऊस घेऊन दिला. तिनं तो खाल्ला नाही.

आमच्या भागात पोस्टमन नुसतं पत्र टाकून जात नसे. निम्म्या वस्त्यांवर वाचणारं माणूस नसायचं, तेव्हा कार्ड वाचून दाखवणं हे त्याच्या कामातच धरलेलं. चहा प्यायचा, कार्ड वाचायचं, वाईट बातमी असेल तर दोन शब्द धीराचेही बोलायचे. त्या शनिवारी मी शाळेत असताना तो आला, अंगणात बसला, चहा प्यायला आणि त्यानं आईला कार्ड वाचून दाखवलं. ओसरीवर वहिनी होती, बायको होती, दादा औताचा दांडा ठोकत होता. पत्नीच्या रक्तात सदर आजाराचा अंश आढळला आहे. त्यांच्या प्रकृतीला धोका नाही. संततीचा विचार करण्याआधी पतीची तपासणी अवश्य करावी. समक्ष यावे.

मी आलो तेव्हा पोस्टमन गेला होता आणि कप तसाच पडून होता. आई उंबऱ्यात बसली होती.

"माझ्या भावाच्या पोरीचं रगत तपासलंस?"

"आई, ते..."

"जनावराच्या बाजारात दात बघत्यात तसं? लोकाची पोर आनली असती तर गोष्ट येगळी. माझ्या म्हायेराचं रगत तू पुन्याला नेऊन दावलंस?"

बायको सुपात ज्वारी पाखडत होती. हात चालू होते, मान वर नव्हती. मग वहिनी पुढे आली. तिनं आईच्या हातातलं कार्ड घेतलं. सातवी शिकलेली होती ती, पोस्टमनपेक्षा नीट वाचता येत होतं. दोनदा वाचलं.

"भाऊजी, हे दोघांकडून येतं?"

"हो. दोघांत असेल तरच पोराला होतं."

"म्हणजे माझ्यात आणि ह्यांच्यात, दोघांत होतं."

"हो वहिनी."

"ग्रहणाचं नव्हतं."

"नव्हतं."

मुलाला जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत हे तिला सांगायला हवं होतं, हे मला त्या क्षणाला कळलं. डॉक्टरीणबाईंनी मला त्यासाठीच बोलावलं होतं. मी चौकट घडी घालून खिशात ठेवली आणि आपल्याला सुई कशी टाळता येईल ते बघत बसलो. दादा उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. तो असाच. मुलगा गेल्याच्या दिवशीही तो वैरण टाकायला गेला होता.

 आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी जोडायला फार चांगलं यायचं.

"थोरल्यात हाय म्हन्तूस. त्याच्यात कुठनं आलं?"

मी विज्ञानाचा मास्तर, मी पायाकडे बघू लागलो.

"दोनी सुना माझ्या भावाच्या. दोघींत तेच. मग पोरात माझ्यातनंच आलं असंल." तिनं पदर ओढून घेतला. "आन् मी त्या पोरीला गिरानाचं बोलत होते."

दुसऱ्या दिवशी रविवारी भिंगारहून मामा आले. बातमी आदल्या संध्याकाळच्या एसटीनंच त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी सासऱ्याच्या शिव्या खायच्या तयारीनं बसलो होतो. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डेपोत आमच्याकडे खेचर घेतात तेव्हा त्याचीसुद्धा तपासणी होते, जावईबापू. तपासणीचं मला काही वाटत नाही. खेचराला विचारत नाहीत. माझ्या पोरीला विचारलं होतंत का, एवढंच सांगा."

"नाही."

"मग आता तुमचं करताना तरी तुम्हाला विचारतील. जा एकदा." एवढं बोलून ते जेवले, आईशी तासभर काहीतरी हळू बोलले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

मी गेलो नाही. आधी सहामाही परीक्षा होती. मग पेपर तपासायचे होते. मग सुटीत ऊस तोडणीला आला होता, जणू ऊस मीच तोडणार होतो. खरं हे होतं की आता सुईची भीती मागे पडली होती. आता निकालाची भीती होती. तिच्यात निघाला होता; माझ्यातही निघाला तर आम्हाला मूल नाही, किंवा मूल असूनही रोज त्याच्या पापण्या ओढून बघायच्या. दादाच्यात होता, म्हणजे माझ्यात असायला काय हरकत होती? एकाच आईचे दोघं. वर्गात हजेरी घेताना मी पोरांच्या चेहऱ्यांचा रंग बघू लागलो. शाळेच्या आरशात आपल्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचो. एकदा मुख्याध्यापकांनी बघितलं आणि डोळे आल्याचं समजून मला तीन दिवस पोरांपासून लांब बसवलं.

त्यातच एक बेत सुचला. पुण्याच्या त्या गृहस्थांनी बोलता बोलता सांगितलं होतं की पहिली चाचणी साधी असते: मिठाच्या पातळ पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा; चांगल्या रक्तातल्या पेशी फुटून पाणी स्वच्छ लाल होतं, अंश असलेल्याच्या पेशी लवकर फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं. मीठ शाळेच्या प्रयोगशाळेत होतं. परीक्षानळी होती. बाभळीचा काटा कुंपणाला होता. एका दुपारी दार लोटून मी प्रयोगाला बसलो. किती पातळ पाणी ते मला माहीत नव्हतं, पण शास्त्रज्ञ अशा गोष्टींवर अडत नाहीत. काटा बोटात घातला. थेंब आला. तो नळीत पडताना बघितला आणि पुढचं मला शिपायाकडून कळलं. तो म्हणे स्टुलाचा आवाज ऐकून धावत आला, मला कांदा हुंगवला आणि नळीतलं पाणी मोरीत ओतून नळी धुऊन जागेवर ठेवली. पाणी कसं होतं, असं मी त्याला तीनदा विचारलं.

"पान्यासारखं हुतं, गुरुजी," तो म्हणाला.

हे बायकोला कळल्यावर ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा. मग म्हणाली, "सोमवारी जाऊ. मी येते. मी फक्त सोबत."

रक्त देताना मी तिचा हात धरला होता आणि म्हातारे गृहस्थ कोणाला धीर द्यावा अशा पेचात होते. या वेळी निकाल टपालानं नको, मीच येईन, असं सांगितलं. आठवड्यानं एकटा गेलो. तो आठवडा कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. वर्गात फळ्यावर लिहायला घेतलेलं वाक्य अर्ध्यात विसरायचो आणि पोरं ते पुरं करायची.  आई देवापुढे दिवा लावून जास्त वेळ बसायची. दोन्ही बहिणी एकमेकींशी बोलत, मी आलो की थांबत.

पाकीट मी दवाखान्याच्या पायरीवर उघडलं. माझं रक्त स्वच्छ होतं.

मी ते चार जणांकडून वाचून घेतलं, त्यातला एक भेळवाला होता. मग नगरच्या स्टँडवर उतरून पेढे घेतले. एवढा मोठा पुडा घेऊन घरी आलो आणि बायकोला मागच्या दारी गाठून सांगितलं, "माझ्यात नाही. सुटलो."

तिनं डोळे मिटून घेतले, हात जोडले. खांदे खाली आले.  मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यातच."

"पण आता काही भीती नाही. पोराला व्हायचं नाही."

"मला नाही भीती. आत्यांना काय सांगणार? सुनेत दोष, पोरगा स्वच्छ. तुम्ही सुटलात. मी कुठं सुटले?"

शिरूरच्या स्टँडवर तिनं हेच सांगितलं होतं आणि मी तिला ऊस घेऊन दिला होता. आता पेढे आणले होते.

तेवढ्यात आईनं पुढून हाक मारली, "काय निघालं रं?"

मी अंगणात गेलो. आई, दादा, वहिनी, तिघंही होते. माझ्या हातात पुडा. आणि मी आयुष्यातलं सगळ्यात अडाणी वाक्य बोललो. "माझ्यातही आहे. पण दोघांतलं सौम्य आहे. डॉक्टर म्हणाले, चालेल."

"मग पेढं कशाचं?" आईनं विचारलं.

"चालेल म्हणाले, त्याचे."

सौम्य आहे, चालेल. कुठल्या पुस्तकात नाही असं शास्त्र मी तयार केलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. आईचं बायकोशी वागणं त्या दिवसापासून मऊ झालं. दोघांतही आहे म्हटल्यावर बोट दाखवायला कोणी उरलंच नाही. बायको मला म्हणाली, "खोटं बोललात." पण रागानं नाही म्हणाली. पुढचे दोन महिने मी घरात छाती काढून हिंडलो. लवकरच तिला दिवस गेले, आणि आई सोमवार धरून काळजी करत बसली. ती काळजी फुकटची आहे हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मनाला थोडं लागायचं, पण चालेल असं मी म्हणायचो.

मग एका सकाळी मी सायकल पुसत असताना वहिनी आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"भाऊजी, एक विचारायचंय. तुमच्या दोघांत आहे, तरी चालेल म्हणाले ना डॉक्टर?"

मी फडकं थांबवलं.

"आमच्या दोघांतही तेच आहे. मग आम्हालाही चालेल. ह्यांना मी म्हटलं तर म्हणतात, मास्तरनं सांगितलं तरच. तुम्ही एकदा सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. तुम्ही शिकलेले आहात."

 चारात एक. पुन्हा तो चुन्यासारखा चेहरा, पुन्हा रक्ताच्या बाटल्या, पुन्हा कोंबड्यांमागे धावणं आणि विझणं, आणि हे सगळं माझ्या एका वाक्यावरून. "विचारून सांगतो," मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली. त्या दिवशी सुटी होती. अर्ध्या वाटेवर ते आठवलं आणि परत फिरलो.

बायको मागच्या दारी भांडी घासत होती. तिला सांगितलं. तिनं राखेचे हात धुतले नाहीत, तशीच उठली. "चला," म्हणाली.

"आधी थोडा विचार करू. कसं सांगायचं ते..."

"तुमचा विचार झाला की गाडी निघून गेलेली असते."

गोठ्यापाशी दादा खाली बसला होता. त्यानं माळ्यावरचा पाळणा उतरवून आणला होता, पुसला होता, आणि नवीन दोरी ओवत होता. वहिनी दाराला टेकून बघत होती. आई पलीकडे शेणी लावत होती. मी पाळणा बघितला आणि माझे पाय तिथंच थांबले. बायको थांबली नाही. बहिणीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ताई, ह्यांच्यात नाही. ह्यांचं रक्त स्वच्छ आहे. दोष माझ्यात एकटीत आहे, म्हणून आम्हाला चालतं. दोघांत असला तर चालत नाही. तुला नाही चालायचं."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी तोंडानं काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हणालो, "माझं चुकलं, वहिनी. दर खेपेला चारात एक आहे. चार खेपा घेतल्या तरी दर खेपेला. तीन चांगले निघतीलही, पण पहिलंच तसं नाही निघणार हे कोणी सांगू शकत नाही."

आईनं शेणाचे हात तसेच धरून विचारलं, "मग पेढं वाटून खोटं का सांगितलंस?"

"हिला कोणी बोलू नये म्हणून."

"कोन बोलनार हुतं?" आई म्हणाली. मग पुन्हा शेणीकडे वळली. कोण बोललं असतं ते तिला ठाऊक होतं.

दादाचे हात थांबले नव्हते. त्यानं गाठ पुरती बांधली, पाळण्याच्या दांडीला धरून वजन टाकून दोनदा ओढून बघितली. माझ्याकडे बघितलं नाही.

"असू दे," म्हणाला. "तुमाला लागंल."

वहिनी आत गेली. बायको तिच्या मागे गेली. आतून बराच वेळ रडण्याचा आवाज आला, दोघींचा मिळून एकच, कोणाचा कुठला ते कळत नव्हतं. आई उठून जाऊ लागली तशी दादानं हातानंच तिला थांबवलं. आम्ही तिघं पाळण्याभोवती बसून राहिलो. मी दोरीचं उरलेलं टोक गुंडाळत होतो, उलगडत होतो.

वहिनी बाहेर आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली, लालबुंद, आणि ती याच पाळण्यात वाढली. दादा-वहिनींनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी वहिनी चुलीकडे वळताना माझ्यापाशी थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घरात खरं सांगितलंत ते बरं झालं. गावात मात्र आधीचंच राहू द्या. तुमच्यातही आहे असंच. गाव हिला धरेल. मला धरलं होतं तसं."

तेव्हापासून आमच्या गावच्या माहितीप्रमाणे माझं रक्त खराब आहे.